ताईचा पाय जन्मजात सपाट नव्हता

"हे जन्मजात असतं हो. फ्लॅट फूट. त्याला आम्ही काय करणार?"

हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी "फ्लॅट" एवढं म्हटलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. (आमच्या पिंपळे गुरवात हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो, पण तो दोन बेडरूमचा. ते वेगळं.) ताईला हे पहिल्यांदा सांगितलं ते तपासणाऱ्या एका डॉक्टरांनी, उभं राहून, पायातला मोजाही पुरता न काढता. त्यांचं ऐकून तेच वाक्य कंपनीतल्या साहेबानं म्हटलं. मग ठेकेदाराच्या माणसानं. शेवटी शेवटी तर ताई स्वतःच म्हणायला लागली, "अरे, माझे पायच तसले. कुणाला बोल लावायचा?"

तिथं मात्र माझं डोकं फिरलं. म्हणून हे लिहायला घेतलंय.

आधी ताईविषयी. ताई अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. चाकणच्या एका कारखान्यात वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करते. गाडीच्या पोटात तारांचे जे जुडगे असतात ना, ते. तिरक्या मोठ्या बोर्डावर खिळे असतात, त्यावरून तारा ओढायच्या, टेप गुंडाळायची, बोर्ड पुढे सरकतो, पुढचा येतो. सगळं उभ्यानं. सकाळी सहाला काटेपुरम चौकात बस पकडायची, मोशीचा ट्रॅफिक पार करून लाइनवर पोचायचं, आठ तास उभं राहायचं, ऑर्डर जास्त असली की वर चार तास. खाली काँक्रीट. पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज, तेही पुरुषांच्या मापाचे, कारण स्टोअरमध्ये बायकांचं माप शिल्लक नव्हतं. दोन मोजे घालून ते भरून काढायचे. हे अकरा वर्षं चाललंय. मध्यंतरी साखरही निघाली. दाजींचं दुकान लॉकडाऊनमध्ये बसलं ते बसलंच, त्यामुळे ताईच्या ओव्हरटाइमवर घर चालतं.

२०२३ च्या दिवाळीत उजव्या पायाचा घोटा आतल्या बाजूनं सुजला. लचकला असेल म्हणून तेल चोळलं, क्रेप बँडेज बांधलं. सूज उतरायची, पुन्हा यायची. आमचं घर म्हणजे एका गुंठ्यावर चढवलेले तीन मजले, जिना असा की शिडीच म्हणा. तो उतरताना ताई कठड्याला धरून एकेक पायरी आडव्या पावलानं उतरायला लागली. वर्षभरात तिची त्या पायातली चप्पल आतल्या बाजूनं झिजून तिरकी झाली. डावी मात्र सरळच्या सरळ. एकच चप्पल! जन्मजात दोष होता तर तो अठ्ठेचाळीस वर्षं उजव्या पायात दडून बसला होता की काय?

आता माझं सांगतो, कारण या प्रकरणात मी निःपक्षपाती नाही. आमच्या घरात जन्मजात सपाट पाय आहेत ते माझे. ओल्या पायानं फरशीवर चाललो की बदकाच्या पावलासारखा अख्खा ठसा उमटतो. लहानपणी आजी म्हणायची, पोरगं पाय आपटत चालतं. १९९८ साली एका भरतीत मी सोळाशे मीटर वेळेच्या आत पळालो, पुल-अप्स मारले, छाती फुगवून दाखवली, आणि मेडिकलला एका साहेबानं माझ्या पायांकडे पाहून खडूनं फुली मारली. दहा सेकंदांत. मी गावी परत गेलो तेव्हा वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. लष्करी अधिकाऱ्यांच्या वैद्यकीय निकषांत चक्क लिहिलंय की चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, पाय लवचिक असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर नीट पळता येत असेल, तर सौम्य सपाट पाय चालतो. हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. मला त्या दिवशी चवड्यावर कुणी उभंच केलं नव्हतं.

त्याच पायांनी मी पुढे भोसरीत पंचवीस वर्षं नोकरी केली. दर आषाढात तुकोबांची पालखी आकुर्डीहून निघाली की तिच्यासोबत पुण्यापर्यंत चालतो. घोटा कधी दुखला नाही. म्हणजे सपाट पायाचा मी ठणठणीत, आणि ताई लंगडतेय.

आणि ताईचा पाय सपाट नव्हता, याचा पुरावा घरात होता! १९९९ च्या मे महिन्यात ताईचं लग्न झालं. गृहप्रवेशाला कुंकवाच्या पाण्याच्या परातीत पाय बुडवून पांढऱ्या कापडावरून चालवत आणलं होतं. ते कापड तिच्या सासूबाईंनी घडी घालून लोखंडी कपाटात ठेवलं होतं, डांबराच्या गोळ्यांसकट. परवा नव्हे, गेल्या जूनमध्ये मला त्याची आठवण झाली. मावशींना म्हटलं, जरा काढा. त्या म्हणाल्या, "आता ते कशाला?" पण काढलं. कुंकू तपकिरी पडलंय, तरी पावलं स्वच्छ दिसतात. पाच बोटं, चवडा, बाहेरच्या कडेनं एक पट्टा, टाच. आतल्या बाजूला मोकळी जागा. दोन्ही पावलांना. मग ताईला बादलीत पाय बुडवून शहाबादी फरशीवर उभं केलं. डाव्या पावलाचा ठसा त्या कापडावरच्यासारखाच. उजव्याचा भाकरीसारखा, भरलेला. ताई बघत राहिली. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हे कधी झालं?"

नेमका हाच प्रश्न दीड वर्षात एकाही शिकलेल्या माणसाला पडला नव्हता.

तेव्हापासून मी जे वाचलं, जे विचारलं, ते इथं मांडतो. मी डॉक्टर नाही, क्वालिटीतला माणूस आहे. पण पार्ट का तुटला हे शोधणं माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि "मटेरियलच खराब" असं म्हणून फाइल बंद करणारा इन्स्पेक्टर आम्ही ठेवत नाही.

पोटरीच्या आत, अगदी खोल, नडगीच्या मागे एक स्नायू असतो. त्याची दोरी, म्हणजे कंडरा, खाली येते आणि आतल्या घोट्याच्या मागून वळसा घेऊन तळपायात शिरते. विहिरीच्या रहाटावरून दोर जसा वळतो तशी. मग पायाच्या आतल्या बाजूला नॅव्हिक्युलर नावाचं एक हाड आहे त्याला प्रामुख्यानं चिकटते, आणि उरलेले धागे तळाखाली पसरतात. डॉक्टर तिला पोस्टेरिअर टिबिअल टेंडन म्हणतात. पायाची कमान तोलून धरणाऱ्या स्नायूंमध्ये हिचा वाटा सगळ्यात मोठा. पाऊल टेकलं की पाय थोडा आत कलंडतो, त्याला ही लगाम लावते. आणि टाच उचलायची वेळ आली की ही पायाचा मधला भाग घट्ट आवळते, म्हणजे ढिला पाय एकदम कडक पहारीसारखा होतो. त्या पहारीवर जोर देऊन पोटरी शरीर उचलते. प्रत्येक पावलाला हे होतं. मोजत बसू नका.

गंमत अशी की ही दोरी फार कमी सरकते. त्यामुळे ती थोडी जरी ताणून लांबली तरी कामातून जाते. सायकलच्या ब्रेकची वायर सैल झाली की कसा दांडा हँडलला टेकतो पण गाडी थांबत नाही, तसंच. शिवाय घोट्याच्या मागच्या वळणावर तिचा रक्तपुरवठा तोकडा असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे जिथं घासायचं, वळायचं, तिथंच दुरुस्तीचा माल कमी पोचतो.

ती सैल पडली की पुढचं सगळं ओळीनं होतं. कमान खचते. कमानीखालचा अस्थिबंध (त्याला स्प्रिंग लिगामेंट म्हणतात) एकट्यानं भार सोसतो आणि तोही ताणतो. टाच बाहेरच्या बाजूला कलते. पायाचा पुढचा भाग बाहेर वळतो, इतका की मागून पाहिलं तर त्या पायाची जास्त बोटं दिसतात. बाहेरच्या घोट्याजवळून जाणाऱ्या ज्या कंडरा पायाला बाहेर ओढतात, त्यांना आता अडवणारं कुणी उरत नाही. आणि टाचेमागची ती जाडजूड अकिलीस, तिची ओढण्याची रेषाच बदलते. टाच कलल्यामुळे ती कमान वर धरायला मदत करायच्या ऐवजी आणखी खचवायला लागते, शिवाय आखडते. शेवटी दुखणं आतून बाहेर जातं, कारण बाहेरच्या घोट्याखाली हाडं एकमेकांना चिमटे काढायला लागतात. लोकांना वाटतं, दुखणं जागा बदलतंय, म्हणजे वाताचं असेल. मग सांधे कडक होतात, झिजतात. तिथून परतीची वाट अवघड.

जॉन्सन आणि स्ट्रॉम या दोघांनी १९८९ सालीच याच्या पायऱ्या लिहून ठेवल्यात. पहिलीत कंडरा सुजते पण पायाचा आकार ठीक असतो. दुसरीत कमान खचते, पण हातानं पाय सरळ करता येतो. तिसरीत सरळही होत नाही. २०२० साली तज्ज्ञांनी या रोगाचं नावही बदललं, नुसत्या कंडरेवर बोट न ठेवता हळूहळू खचत जाणारं पाऊल अशा अर्थाचं. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायकांत हे जास्त दिसतं. वजन, साखर, रक्तदाब असेल तर आणखी. म्हणजे ताईचं वर्णन जणू समोर बसवून केलंय.

आणि ओळखायला काय लागतं? भिंत. भिंतीला हात टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच उचलायची. निरोगी पायावर माणूस वर जातो आणि जाताना टाच आत वळते. ताईला उजव्या पायावर एकदाही टाच उचलता आली नाही. एका सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला हे करायला लावलं, दीड वर्षानं, पहिल्यांदा. मी नेलेलं ते कापड बघून त्या आधी हसल्या, मग त्यांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला. म्हणाल्या, "इतका जुना फूटप्रिंट मला कुणी आणून दिला नव्हता." मग पाठमोरी उभी करून बोटं मोजली. दोन मिनिटं लागली. दुसरी पायरी.

त्याआधीच्या दीड वर्षात काय झालं होतं? एक्स-रे काढला होता, झोपवून. तो "नॉर्मल" आला. येणारच! आडव्या पायावर भारच नाही तर कमान खचलेली दिसणार कशी? पायाचा एक्स-रे उभ्यानं, वजन देऊन काढायचा असतो. गोळ्या झाल्या. आणि एके ठिकाणी "जागेवर इंजेक्शन देऊ, आठ दिवसांत लाइनवर" असंही सांगितलं. तेव्हा ताई सुईला घाबरून पळून आली हे तिचं नशीब. आधीच विरत चाललेल्या या कंडरेभोवती स्टेरॉइड टोचलं तर ती तुटायची भीती असते.

आता दुसरी बाजू. मला कुणी म्हणेल की बाबा रे, सपाट पायात या कंडरेवर ताण जास्त येतो हे खरंच आहे ना? आहे. पाय आत कलंडलेला असेल तर प्रत्येक पावलाला लगाम जास्त ओढावा लागतो. ज्यांची कंडरा पुढे बिघडते त्यातल्या पुष्कळांचे पाय आधीपासून थोडे सपाट असतात. मी हे नाकारत नाही. (माझ्याही घोट्यावर मी आता डोळा ठेवून असतो.) पण सपाट पायाच्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. कॅनडाच्या लष्करानं दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांचे पाय तपासले. हॅरिस आणि बीथ यांनी १९४७ साली निष्कर्ष लिहिला की लवचिक सपाट पाय म्हणजे पायाचा एक प्रकार आहे, व्यंग नाही. त्रास होतो तो सपाटपणासोबत टाचेची कंडरा आखडलेली असेल तेव्हा. अमेरिकेच्या पायदळातल्या २४६ नवशिक्या जवानांचा अभ्यास १९९३ साली आला, त्यात सगळ्यात सपाट पायांच्या पोरांना दुखापती सगळ्यात कमी. माझ्या वडिलांना दाखवायला हवा होता तो कागद.

आणि समजा, ताईचा पाय खरोखर जन्मजात सपाट असता, तर? तर तिला काँक्रीटवर बारा तास उभं करू नये, याला ते आणखी एक कारण झालं असतं. इथं उलटंच चालतं. पायाचा दोष निघाला की कामाचा दोष संपला! भरतीच्या मैदानात सपाट पाय म्हणजे "तू उभं राहू शकणार नाहीस, घरी जा". लाइनवर सपाट पाय म्हणजे "दुखतंय ते तुझ्या पायामुळे, उभी राहा". एकच शब्द, दोन्हीकडे सोयीचा.

या शब्दाचा तिसरा धंदा पोरांच्या जिवावर चालतो, त्यात फार शिरत नाही. तीन वर्षांच्या मुलाचा पाय सपाट असतोच, कमान पहिल्या दहा वर्षांत घडते. वेंगर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली १२९ मुलांवर तपासून दाखवलं की लवचिक सपाट पायात तीन वर्षं खास बूट-इन्सोल घातले तरी न घातल्यापेक्षा फरक पडत नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकातून राव आणि जोसेफ यांनी १९९२ साली २३०० मुलांचे ठसे घेतले. बूट-चप्पल वापरणाऱ्यांत ८.६ टक्के सपाट, अनवाणी पोरांत २.८. तरी सृष्टी चौकाकडच्या सोसायट्यांतल्या आया पहिलीतल्या पोरांना महागडे इन्सोल घालून डायनासोरच्या बागेत खेळायला आणतात. त्यांना दोष देत नाही, कुणीतरी घाबरवलेलं असतं. पण ज्या पैशांची पोराला गरज नाही, त्यातला एक पट्टा त्याच सोसायटीत दहा घरची भांडी उभ्यानं घासणाऱ्या मावशींच्या घोट्याला मिळाला असता तर...

असो. मूळ मुद्द्यावर येतो. बसण्याच्या.

१९४८ च्या कारखाना कायद्याचं ४४ वं कलम वाचा. उभ्यानं काम करावं लागणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी बसायची योग्य सोय हवी, म्हणजे कामात विसावा मिळेल तेव्हा त्याला टेकता येईल. १९४८! आता त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली, तरी तीतही उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था लिहिलेली आहेच. केरळात कोळिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतल्या बायका या एका गोष्टीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात बसायचा हक्क आला. २०२१ मध्ये तामिळनाडूनं तसाच बदल केला. आणि आपण? देशभरच्या गाड्या आपल्या पट्ट्यात बनतात. प्रत्येक गाडीत सीट असते, तीही सहा प्रकारे पुढेमागे होणारी, तिच्या आरामावर इंजिनिअर लोक महिनेच्या महिने खर्च करतात. तीत तारा भरणाऱ्या बाईला स्टूल नाही.

मी साहेबाला हे बोललो. तो माणूस वाईट नाही, मला पाणी विचारलं, बसवलं. (मला बसवलं!) म्हणाला, "दादा, स्टूल दिलं की आउटपुट पडतं. आणि एकीला दिलं की सगळ्या मागतात." मागू देत की. त्यातल्या आणखी किती जणींची एकच चप्पल आतून झिजलीय, ते तरी कळेल. त्या खोलीत मी विचारलं की लाइनवरच्या बायकांची टाच उचलून बघायची चाचणी वर्षातून एकदा घ्याल का, भिंतीशिवाय काही लागत नाही. तो म्हणाला, बघू. मेडिकल दरवर्षी होतं, त्यात डोळे, कान, फुप्फुसं बघतात. घोटे नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी आधी सहा आठवडे प्लास्टरसारखा बूट दिला, पाय पूर्ण विसाव्याला. त्या सहा आठवड्यांचा पगार गेला, ते सांगायला नको. आता कमानीला आधार देणारा, घोट्याला धरणारा पट्टा आहे, आणि व्यायाम. पोटरी ताणायची. रबरी पट्टा पायाला अडकवून पाऊल आत ओढायचं, सावकाश सोडायचं. वजन आणि साखर दोन्ही उतरवायची. दुसऱ्या पायरीवरच्या पुष्कळ लोकांचं एवढ्यावर भागतं, नाहीतर ऑपरेशन. त्यात टाचेचं हाड कापून सरकवतात आणि धाकट्या बोटांना वाकवणारी कंडरा उसनी घेऊन हिच्या जागी जोडतात. पुढचे कित्येक महिने त्यातच जातात. ताई म्हणते, "एवढे महिने घरी बसले तर ठेकेदार मला ओळखेल तरी का?"

कंपनीला अर्ज दिलाय, रजिस्टर्ड पोस्टानं, पोच ठेवून. बसून करायच्या कामावर बदली द्या, टेस्टिंगच्या टेबलावर, तिथं खुर्च्या आहेत. सोबत डॉक्टरांचा दाखला आणि त्या कापडाच्या फोटोची प्रत. अजून उत्तर नाही. ठेक्याचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे.

ताई रोज रात्री भांडी झाली की ओट्याला दोन्ही हात धरून उजव्या पायाची टाच उचलते. परवा चारदा उचलली. मावशी मोजत होत्या.